मुलीकडच्यांची सही

रसायनशास्त्राच्या इमारतीतली पोरं तिला टकटकबाई म्हणत. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात लहानशी हातोडी आणि कान खांबाला लावलेला, अशी ती दिवसभर दिसायची. एकेका खांबावर खालपासून वरपर्यंत ठोकत जायची आणि जिथे आवाज पोकळ येई तिथे खडूने गोल काढायची. एका विद्यार्थ्याने एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, आत कुणी आहे का?" तीही तितक्याच गंभीरपणे म्हणाली होती, "असायला हवं होतं. काँक्रीट. तेच शोधतेय."

घरी तिला गुंडी म्हणत. लहानपणी होती तशीच, गोल आणि ठेंगणी. पुढे ती वाढली, शिकली, स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली, बाबांच्या ऑफिसात त्यांच्या समोरच्या टेबलावर बसू लागली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाबांना बांधकामवाले सगळे 'साहेब' म्हणत. विद्यापीठाने त्यांना काम दिलं होतं ते सरळ होतं. विद्यार्थी वाढले, आवारात जागा उरली नाही, तेव्हा या जुन्या तीन मजली इमारतीवर आणखी दोन मजले चढवायचं ठरलं. खालचे खांब आणि पाया तो भार घेतील का, एवढं तपासून साहेबांनी सांगायचं होतं.

त्या सोमवारी तिने तळमजल्यावरच्या मधल्या चार खांबांचं प्लॅस्टर फोडून घेतलं. पहिल्या खांबाचं प्लॅस्टर छिन्नी लागायच्या आधीच सुटून आलं. आत एक पाइप होता. कधीतरी, कुणीतरी, प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणी बाहेर काढायला चक्क खांबच खोदला होता आणि वरून गुळगुळीत लिंपून मोकळा झाला होता. वर्षानुवर्षं त्या पाइपातून आम्लाचं पाणी झिरपत राहिलं. सळ्यांना हात लावला तर गंजाचे पापुद्रे निघून बोटांना चिकटत होते. उरलेल्या तिन्ही खांबांची गत तीच. काँक्रीटचे जे नमुने कापून दाबून पाहिले होते, त्यांची ताकद अपेक्षेच्या निम्मीसुद्धा भरली नव्हती. आज डोक्यावर आहे तेवढंच ओझं हे खांब कसेबसे पेलत होते.

"काय गं, चेहरा का असा?" मागून आवाज आला.

तो होता. ज्या ठेकेदाराला हे बांधकाम मिळालं होतं त्याचा मुलगा, आणि तिचा होणारा नवरा. स्थळ धंद्यातल्याच एका ओळखीच्या माणसाने आणलं होतं. पहिल्या भेटीत त्याने विचारलं होतं, "मोकळ्या वेळात काय करतेस?" ती म्हणाली होती, "झोपते." त्यावर तो इतका मनापासून हसला होता की तिने घरी जाऊन हो सांगून टाकलं. लग्न तोंडावर आलं होतं. आमंत्रणं गेली होती.

"बघ," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याने बोट घालून पाहिलं. गंज नखाखाली गेला. "दुरुस्त होतं ना पण?"

"होतं की. पण तळमजला रिकामा करून पाया उघडायचा, खांबांभोवती नवं काँक्रीट घालून ते जाड करायचे. वर्ष जाईल. आणि एवढं करूनही वर दोन मजले चढवा असं मी म्हणणार नाही. मागे मोकळी जागा आहे, तिथे वेगळी इमारत बांधावी. हिची नुसती दुरुस्ती करावी."

"म्हणजे आमचं काम गेलं."

"हे काम गेलं. नव्या इमारतीची निविदा भरा ना."

तो रुमालाने बोट पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबांना मी सांगतो. तू नको काळजी करू."

त्याने सांगितलं खरं. काय सांगितलं, ते रविवारी कळलं.

रविवारी संध्याकाळी ठेकेदार आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. आईने सकाळपासून घर लखलखीत केलं होतं. आत्याने चांगले कप काढले होते. ही आत्या बाबांची धाकटी बहीण, वीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या घरून परत आलेली. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. पाहुणे आले की ती चहा करून स्वयंपाकघरातच थांबे.

ठेकेदार मोठ्या आवाजाचा, दिलखुलास वाटणारा माणूस. हॉलची सजावट, जेवणाचं, पाहुण्यांच्या उतरण्याचं सगळं बोलून झालं. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, आम्ही तुमच्याकडे काही मागितलं का आजवर?"

"नाही नाही," बाबा म्हणाले. "तुमचा मोठेपणा."

"सोनं नको, गाडी नको, मुलाला काही नको. मागणारही नाही. एकच गोष्ट, आणि ती तुमच्या हातातली आहे. विद्यापीठाला एक दाखला द्या, इमारत दोन मजले पेलेल म्हणून. एक सही. आता आपण एका घरचे झालो. तुम्ही जावयाच्या पोटावर पाय द्याल का?"

आईचा चेहरा उजळला. महिनाभर तिला हुंड्याची धास्ती होती, ती एका वाक्यात विरघळली. "एवढंच ना!" ती बोलूनही गेली.

"काका," गुंडी म्हणाली, "खांब तुम्ही पाहिलेत का?"

"पोरी, मी जन्मभर खांबच पाहत आलोय. जुन्या इमारती दणकट असतात. तुम्ही शिकलेली माणसं आकडे बघून घाबरता."

"आकडे नंतर बघितले. आधी गंज बघितला."

तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी साडीचा पदर नीट केला आणि त्या अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, मुलीकडच्यांनी थोडं वाकायचं असतं. माझे वडीलही वाकले होते. त्याने का कुणी लहान होतं?"

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि बराच वेळ फाटकाची कडी लावत उभे राहिले.

दार बंद झाल्यावर आईने तोंड उघडलं. "आता यात विचार कसला करताय? लोक जमीनजुमला विकून मुली देतात. आपल्याला नुसती सही पडतेय."

"आई, त्या तळमजल्यावर रोज पोरं बसतात."

"आजवर पडली का इमारत? मग?"

बाबा खुर्चीत बसले. "तशी आपण डिझाइन करताना जास्तीची ताकद धरतोच," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "सगळे मजले एकाच वेळी गच्च भरतात असंही नाही..."

"बाबा, ती जास्तीची ताकद केव्हाच गंजात गेली. तुम्ही स्वतः पापुद्रा काढून पाहिलात."

"एकच मजला म्हणालो तर? एक मजला कदाचित..."

"भाजी घेताय का तुम्ही?"

ते चिडले. क्वचित चिडायचे, पण चिडले की आवाज फाटायचा. "मग काय करू? मोडू लग्न? उद्या गावभर होईल, मुलीकडच्यांनी एक सही केली नाही. कोण येईल तुझ्या दाराशी? तुला काय कळतंय, मुलगी घरी परतली की बापाचं काय होतं ते!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आत्या हात पुसत दारात आली.

"मी सांगू का दादा, काय होतं ते?" तिचा आवाज शांत होता. "माझ्या वेळी पहिल्यांदा शिलाई मशीन मागितलं. आपल्या बाबांनी हसत दिलं, म्हणाले, मुलीच्याच उपयोगाचं आहे. मग स्कूटर. मग दिरासाठी नोकरीचं बघा म्हणाले. बाबा दारोदार फिरले. दरवेळी तेच, एवढं केलं की पोरगी सुखात राहील. देत गेले, देत गेले आणि शेवटी सासरच्यांनी मलाच परत दिलं. पहिल्या मागणीला नाही म्हटलं असतं ना, तर मी लग्नाआधीच सुटले असते. अंगावर वळ न घेता."

इतक्या वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली. आई उठून आत गेली.

गुंडी बाबांच्या समोर जमिनीवर बसली. "बाबा, मला द्यायला निघालात, द्या. पण माझ्यासोबत ती पोरं देऊ नका. ती तुमची नाहीत द्यायला."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काहीच बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी ठेकेदारांचा फोन आला आणि बाबा "बघतो, करतो" म्हणाले. ऐकणाऱ्याने तो होकारच समजला. खरं सांगायचं तर तो होकारच होता.

विद्यापीठाच्या बांधकाम समितीची बैठक बुधवारी होती. त्याआधी तिने होणाऱ्या नवऱ्याला कँटीनमध्ये गाठलं. दुपारची गर्दी होती. बाजूच्या टेबलावर कुणीतरी परीक्षेत काय लिहिलं ते रडतरडत सांगत होतं आणि बाकीचे त्याला चिडवत होते.

"तू खांब पाहिलास," ती म्हणाली. "वडिलांना काय सांगितलंस?"

"जे आहे ते. ते ऐकत नाहीत गं. कामासाठी यंत्रं आणलीत, माणसं धरून ठेवलीत. हे काम गेलं तर आम्ही बसलो."

"म्हणून माझ्या घरी सही मागायला गेले?"

"ती कल्पना माझी नव्हती." मग जरा थांबून, "पण मी अडवलंही नाही." निदान खोटं तरी बोलला नाही. "ऐक ना. लग्न होऊ दे. एकदा तू घरात आलीस की आपण दोघं त्यांना समजावू. काम हळूच थांबवू."

"वरचा स्लॅब पडल्यावर समजावू?"

तो ग्लासातलं पाणी हलवत राहिला.

"एकच विचारते. मी नाही म्हटलं तर तू माझ्याशी लग्न करशील?"

पाणी हलत राहिलं. बाजूच्या टेबलावर हशा पिकला. त्याने मान वर केली नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. पायऱ्या उतरताना तिचे डोळे भरून आले. कारण माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

बुधवारी समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले. मध्ये कुलगुरूबाई, बाजूला कुलसचिव, दोन-तीन प्राध्यापक. एका अंगाला ठेकेदार आणि मुलगा, दुसऱ्या अंगाला बाबा आणि ती. ठेकेदारांनीच सुरुवात केली. खांबांबद्दल थोडी शंका होती ती मिटली आहे, साहेबांची संमती आहे, आणि साहेब आता आमचे व्याहीच होणार म्हटल्यावर काम घरच्यासारखं होईल. सगळे हसले. दाखला बाबांसमोर सरकवण्यात आला. बाबांनी खिशातून पेन काढलं.

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. याच हाताने तिला पहिली तुळई कागदावर काढायला शिकवलं होतं.

ती उभी राहिली.

"मॅडम, शंका मिटलेली नाही. ते चार खांब आजचाच भार जेमतेम घेतायत. मजले चढवायचं सोडा, मला विचाराल तर त्या तळमजल्यावर आजपासून वर्ग भरवू नका."

"मुलगी आहे, घाबरते," ठेकेदार हसत म्हणाले. "साहेब अनुभवी आहेत."

"साहेबांकडून ही सही हुंड्यात मागितली आहे."

चोरी म्हटलं असतं, लाच म्हटलं असतं, तरी लोक सावरले असते. पण 'हुंडा' हा शब्द त्या टेबलावर आजवर कधी आला नव्हता. तो बंद दारामागे बोलायचा शब्द. ती तो उघड्यावर घेऊन आली होती.

"हुंडा?" ठेकेदारांचा चेहरा लाल झाला. "मी एक पैसा मागितलेला नाही! विचारा यांना!"

"पैसा मागितला असता तर आमचं एक घर बुडालं असतं. तुम्ही जे मागितलंत त्यात परक्यांची पोरं जातील. त्याला दुसरं काय म्हणू?"

"साहेब, आवरा हिला! नाहीतर हे लग्न मोडलं म्हणून समजा!"

"तुम्ही कशाला त्रास घेता," गुंडी म्हणाली. "मीच मोडते."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या कागदाची कड दुमडत होता.

कुलगुरूबाईंनी बाबांकडे वळून विचारलं, "साहेब, तुमची संमती आहे असं सांगितलं गेलं. आहे का?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना ते एकदा नीट बसेना, दुसऱ्यांदा बसलं. "होती," ते म्हणाले. "मी हो म्हटलं होतं. मुलीचा बाप म्हणून म्हटलं. वाटलं, वाकलो की पोरीचं भलं होईल. इंजिनिअर म्हणून विचाराल, तर ही म्हणते तेच उत्तर. ही इमारत दोन मजले पेलणार नाही. आणि जो माणूस असं वाकतो त्याच्या सहीवर तुम्ही यापुढे विश्वास ठेवावा की नाही, तेही तुम्ही ठरवा. माझी हरकत नाही."

एक प्राध्यापक पुटपुटले, "घरची भांडणं इथे कशाला..."

"घरचं नातं इथे आलं तेव्हा सगळे हसलो आपण," कुलगुरूबाई म्हणाल्या. "भांडण आलं तर ऐकून घेऊ." मग त्यांनी कुलसचिवांना सांगितलं की तळमजला आजच रिकामा करा, संध्याकाळच्या आत त्या चारही खांबांशेजारी लोखंडी टेकू लागले पाहिजेत, आणि मागच्या जागेत वेगळ्या इमारतीचा आराखडा दुसऱ्या इंजिनिअरकडूनही तपासून घ्या. गुंडी म्हणाली, "जरूर घ्या."

ठेकेदार खुर्ची मागे ढकलून निघून गेले. मुलगा दारात क्षणभर थांबला आणि त्यांच्या मागे गेला.

टेकू लागेपर्यंत बापलेक तिथेच थांबले. विद्यार्थी बाकं उचलून बाहेर नेत होते, कुरकुरत होते, कुणी सुट्टी मिळाली म्हणून शीळ घालत होतं. त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं आपण कशातून वाचलो. ठाऊक असायची गरजही नव्हती.

घरी आई हॉलचं बुकिंग रद्द करायला कुणाला सांगावं याच विचारात बसलेली असेल, असं दोघांना वाटलं होतं. तिला बातमी आधीच कळली होती. तिने रडून घेतलं होतं. डोळे सुजले होते, पण आवाज कामाचा होता.

"आमंत्रणं गेलीत. फोन करावे लागतील सगळ्यांना. मी काय म्हणते, सांगू की योग नव्हता. दोन्हीकडून समजुतीने थांबवलं. कुणाचं नाव नको, काही नको. झाकलेलं बरं."

"आई, आत्याच्या वेळी काय सांगितलं होतं लोकांना?"

आत्याच उत्तरली, "तब्येत बरी नसते म्हणून माहेरी आलीय, असं. वीस वर्षं माझी तब्येत बरी नाही."

"आपण तेव्हा झाकलं म्हणून आत्याच्या सासरच्यांना पुढची सून मिळाली," गुंडी म्हणाली. "आताही झाकू. मग हे दुसऱ्या कुणाच्या घरी चहाला जातील. आपण चूक केली नाही, आई. मग लपवायचं ते आपण का?"

"लोक म्हणतील, मुलीतच काही खोट असेल."

"म्हणू देत. पण खरं ऐकून मग म्हणू देत. तुला जमत नसेल तर मी करते फोन."

आईने फोन तिच्या हातून काढून घेतला. "थांब. माझ्या माणसांना मीच सांगेन."

पहिला फोन चुलत नणंदेला. आईचा आवाज इतका खाली गेला की पलीकडून तीनदा "काय? काय?" विचारलं गेलं. हुंडा हा शब्द तिने जवळजवळ गिळलाच. दुसऱ्या फोनला तो नीट बाहेर आला. तिसऱ्याला कुणीतरी सहानुभूतीने विचारलं असावं की मुलीने जरा जुळवून का नाही घेतलं, कारण आई एकदम ताठ बसली. "का जुळवून घ्यायचं? तुमचा नातू त्याच इमारतीत शिकतो ना? मग!" आत्याच्या हातातला कप हिंदकळला. बाबा पेपर उलटा धरून बसले होते.

मग तिने थोरल्या बहिणीला, गुंडीच्या मावशीला लावला. सगळं सांगितलं, आता अगदी सवयीने, एकही शब्द न गाळता.

"ताई? आहेस का?"

"आहे गं." फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. "मी विचार करत होते. आम्हीही सुनेकडून घेतलंय. तिच्या वडिलांचा तो दुकानाचा गाळा... यांनी लिहून घेतला होता लग्नात. पद्धतच होती ना तेव्हा."

आईने गुंडीकडे पाहिलं. मग आत्याकडे. ही तीच आई होती, जी तीन दिवसांपूर्वी म्हणाली होती की आपल्याला नुसती सही पडतेय.

"मग परत लिहून दे तिला," ती म्हणाली.

"आता? इतक्या वर्षांनी? लोक काय म्हणतील?"

"ते मला विचार ना. मी आता दोन तास तेच ऐकतेय. काही होत नाही ताई, ऐकून घेता येतं. सूनबाई घरात आहे का? फोन दे तिच्याकडे."